मेडिक्लेम आहे, आयुष्मान कार्डही आहे; मग मावशींचे पैसे कुठून द्यायचे?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळू लागलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. दोन्ही बातम्या चांगल्याच आहेत. पण त्यामुळे बऱ्याच घरांत ‘चला, म्हातारपणाची सोय झाली’ असं धरून चालतात, आणि घोटाळा तिथंच होतो. सोय झाली ती हॉस्पिटलची. घरी आणल्यावर ज्या माणसाला कुशीवर वळवावं लागतं, भरवावं लागतं, ज्याचं सगळं अंथरुणातच करावं लागतं, त्याच्यासाठी ठेवलेल्या मावशींचा पगार यातलं काहीच देत नाही.

हा खर्च महिन्याच्या महिन्याला येतो, वर्षानुवर्षं येतो, आणि पुण्यासारख्या शहरात, जिथं मुलं बंगळुरूला किंवा परदेशात आणि घरात सत्तरी ओलांडलेले दोघंच अशी घरं गल्लोगल्ली आहेत, तिथं तो अचानक अंगावर येतो. म्हणून त्याचा हिशोब वेगळा मांडायला हवा.

उपचार वेगळे, सांभाळणं वेगळं

जगभरात याला ‘दीर्घकालीन शुश्रूषा’ म्हणतात. माणसाला किती मदत लागते हे सहा रोजच्या गोष्टींवरून ठरवतात: आंघोळ, कपडे घालणं, जेवणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, आणि लघवी-शौचावर ताबा असणं. यातल्या दोन-तीन गोष्टी स्वतःच्या स्वतः जमेनाशा झाल्या, की घरात करणारं माणूस लागतं.

गाडीचा विमा ठोकर बसली तर दुरुस्तीचे पैसे देतो. पेट्रोल आणि ड्रायव्हरचा पगार आपल्यालाच भरावा लागतो. मेडिक्लेमचंही तसंच आहे. तुमच्या पॉलिसीचं पुस्तक काढा आणि ‘कशाला संरक्षण नाही’ त्या यादीत ०५ क्रमांकाचा कोड शोधा. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेलं हे कलम आहे. आंघोळ, कपडे, हालचाल अशा कामांत मदत करण्यासाठी नर्स किंवा मदतनीस ठेवण्याचा खर्च, घरी असो वा संस्थेत, मिळणार नाही असं त्यात लिहिलेलं असतं. नुसत्या विश्रांतीसाठी भरती केलं तरी मिळत नाही.

मग ‘घरी उपचार’ म्हणून जे कलम असतं ते काय? रुग्णाला हलवणं शक्य नाही किंवा हॉस्पिटलात खाट नाही, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली घरीच उपचार करावे लागले, आणि तेही सलग तीन दिवसांहून जास्त, तर ते लागू होतं. पक्षाघातानंतर दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते लागू होत नाही.

डिस्चार्जनंतरचे थोडे दिवस मात्र वाया घालवू नका. आयुष्मानमध्ये १५ दिवसांचा आणि बऱ्याच खासगी पॉलिस्यांत ६० दिवसांचा पुढचा औषधोपचार धरलेला असतो. फिजिओथेरपी लागणार असेल तर डिस्चार्ज कार्डावरच डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या, किती बैठका तेही. नंतर आणलेल्या चिठ्ठीवरून क्लेम अडतात.

दुसऱ्या देशांत हे पैसे कोण देतं?

जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता कापला जातो. पुढे गरज लागली की सरकारी माणूस घरी येऊन किती मदत लागते ते तपासतो, पायरी ठरते, आणि खर्चातला साधारण दहा टक्के वाटा कुटुंब भरतं. उत्पन्न जास्त असेल तर तीस टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे असा विमा नाही. जे आहे ते कुटुंबाच्या खिशातून, आणि बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या बाईच्या अंगमेहनतीतून.

महिन्याचा हिशोब मांडूया

खालचे दर उदाहरणासाठी धरलेत. आपल्या भागातल्या, रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या दोन-तीन ब्युरोंना फोन करा आणि मिळेल तो दर घाला. मांडणी तीच राहील.

समजा आजोबा अंथरुणाला आहेत आणि दिवसपाळीला, सकाळी आठ ते रात्री आठ, एक मावशी किंवा मामा आहेत. रोजचे ८०० धरले तर महिन्याचे २४,०००. डायपर दिवसाला तीन, एक ४० रुपयांना, म्हणजे ३,६००. अंडरपॅड दिवसाला दोन, २० रुपयांचे, १,२००. फिजिओच्या महिन्याला बारा फेऱ्या, ५०० प्रमाणे ६,०००. लघवीची नळी बदलायला सिस्टरची एक फेरी, ८००. औषधं ५,०००. बेरीज ४०,६००. रात्री घरातलं कुणीतरी उठणार असं यात गृहीत आहे. रात्रपाळीही लावली तर आकडा ६४,६०० वर जातो.

वर्षाचे झाले ४ लाख ८७ हजार. दरवर्षी सात टक्के वाढ धरली तर हेच ४०,६०० दहा वर्षांनी जवळपास ८०,००० होतात. पेन्शन वाढो न वाढो, ब्युरोचा दर वाढतोच.

एकदाच करायच्या खर्चात पलंग, हवेची गादी, कमोड खुर्ची, व्हीलचेअर. या वस्तू विकत घेण्याची घाई करू नका. पुण्यात अनेक सेवाभावी संस्था आणि गणेश मंडळं रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात. हवेची गादी मात्र घेताना पंप चालू करून हात ठेवून पाहा: कप्पे आळीपाळीने फुगायला हवेत. सगळे एकदमच फुगलेले राहत असतील तर अंगावरचा दाब बदलत ठेवण्याचं तिचं मुख्य काम होत नाही. गादी चांगली असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. ती चुकली आणि माकडहाडाशी जखम झाली, की ड्रेसिंगचा खर्च महिनोन् महिने चालतो. मावशींना हे पहिल्या दिवशी करून दाखवा आणि पलंगाशेजारी वेळा लिहिलेला कागद लावा.

ब्युरोतून माणूस घेताना पैसे कुठे जातात

सगळ्यात मोठी उधळपट्टी होते ती चुकीचं माणूस ठेवल्याने. नाकातून नळी घालणं, लघवीची नळी बदलणं, सलाईन, गळ्याला छिद्र असेल तर तिथलं सक्शन, ही प्रशिक्षित सिस्टरची कामं. घातलेल्या नळीतून पातळ आहार देणं, पुसून घेणं, कूस बदलणं, चालवणं हे शिकवलं तर मावशी नीट करतात. घाबरलेले नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी बारा तासांची सिस्टर लावतात. तिचा दर मावशींच्या दुप्पट असू शकतो आणि तिचं खरं काम दिवसातलं तासाभराचं. गळ्यातल्या नळीचा रुग्ण सोडला तर बहुतेक घरांना मावशी आणि लागेल तेव्हा सिस्टरची फेरी एवढं पुरतं. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘यांना चोवीस तास सिस्टर हवी का, की फेरी चालेल?’

‘चोवीस तासांची बाई’ दोन पाळ्यांपेक्षा स्वस्त पडते, म्हणून अनेक जण तीच मागतात. पण रात्री चार वेळा उठावं लागणाऱ्या रुग्णाकडे एकटी बाई आठवड्याच्या वर टिकत नाही, आणि टिकलीच तर दुपारी डुलकी लागते आणि पडण्याचे प्रसंग तेव्हाच होतात. तीही माणूस आहे. तिला सलग सहा तास झोप मिळेल अशी व्यवस्था घरच्यांनी करायलाच हवी.

ब्युरोशी बोलणी करताना या गोष्टी कागदावर घ्या: नोंदणी फी किती आणि किती महिन्यांसाठी, रजेला बदली माणूस किती तासांत, गणपती-दिवाळीत दर वाढतो का, जेवण कुणाचं, वजनदार रुग्णासाठी जादा पैसे आहेत का, आणि रुग्ण मध्येच हॉस्पिटलात गेला तर आगाऊ भरलेल्या पैशांचं काय. या शेवटच्या मुद्द्यावरून सर्वाधिक भांडणं होतात. आधार कार्डाची प्रत, पोलीस पडताळणी, आणि पैसे शक्यतो ऑनलाइन. महिनाभराची रक्कम आगाऊ देण्यापेक्षा आठवड्याने द्यावी हे बरं.

‘त्यापेक्षा वृद्धाश्रम स्वस्त नाही का?’

हिंडत्या-फिरत्या माणसासाठी, बऱ्याचदा हो. पण अनेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. पुढे अंथरुणाला खिळल्यावर ‘घेऊन जा’ असा निरोप येतो. म्हणून प्रवेशाआधीच लेखी विचारा. डिपॉझिट परत मिळतं का, किती दिवसांत, त्यातून काय कापतात? डायपर, औषधं, हॉस्पिटलातली सोबत मासिक रकमेत आहे की वेगळी? रात्री किती रुग्णांमागे एक माणूस असतं? स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्री उठून चालू लागला तर काय करतात? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं संध्याकाळी सातनंतर स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

आणि घरीच सून किंवा लेक करते तेव्हा ते फुकट असतं, हा समज सोडायला हवा. ४०,००० पगाराची नोकरी तिने सोडली तर कुटुंबाने मावशींच्या पगारापेक्षाही जास्त पैसे मोजले, शिवाय तिचा पीएफ आणि पुढची नोकरीही गेली. भावंडांत हा हिशोब उघड मांडा. जो वेळ देऊ शकत नाही त्याने पैसे द्यावेत, आणि करणाऱ्या व्यक्तीला महिन्यातून तीन-चार दिवस पूर्ण सुट्टी मिळेल इतके तरी द्यावेत.

पैसे उभे कुठून करायचे?

आधी नियमित उत्पन्न. पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना इथं सर्वांत कामाची. साठीनंतर एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला खात्यात. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. खातं उघडताना असलेला दर मुदतभर कायम राहतो. नवरा-बायको दोघांची खाती पूर्ण भरली तरी महिन्याला ४१,००० होतात, म्हणजे वरचा दिवसपाळीचा खर्च जेमतेम निघतो. किराणा, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स त्याबाहेरच. ६० लाख ठेवणारं घर सुखवस्तूच म्हणायचं, आणि त्याचीही ही गत.

दुसरं, गंभीर आजाराची पॉलिसी. मेडिक्लेमपेक्षा ही वेगळी: ठरलेल्या आजाराचं निदान झालं की ठरलेली रक्कम एकदम हातात, ती मावशींवर खर्च केली तरी कुणी विचारत नाही. पण पक्षाघाताची अट वाचा. कायमची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे पहिले तीन महिने पदरचेच. ही पन्नाशीच्या आत घ्यायची गोष्ट आहे. सत्तरीत ती मिळत नाही किंवा परवडत नाही.

आयकरातली सवलतही पाहा, जुन्या करप्रणालीत असाल तरच. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचारावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पैसे रोखीने दिले नसतील तर. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन अशा ठरावीक आजारांत, तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र घेऊन, ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत. ८० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सव्वा लाखाची वजावट. नव्या प्रणालीत यातलं काही नाही. मुलांनी आई-वडिलांना पाठवलेल्या पैशांवर मात्र आई-वडिलांना कर लागत नाही, मुलगा अमेरिकेत असला तरी.

‘घर कोटीचं आहे, हातात रोकड नाही’

पुण्यात ही परिस्थिती फारच दिसते. २००७ पासून ‘रिव्हर्स मॉर्टगेज’ नावाचं कर्ज आहे. घर बँकेकडे तारण, बँक दरमहा आपल्याला पैसे देते, जास्तीत जास्त २० वर्षं. मालकाचं वय ६० हवं, जोडीदाराचं ५५. दोघांपैकी एकही जण असेपर्यंत घरातच राहता येतं. नंतर वारसांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं, नाही तर बँक विकते आणि उरलेले पैसे वारसांना देते. मिळणाऱ्या रकमेवर आयकर नाही.

मग लोक का घेत नाहीत? मुलांशी बोलायला संकोच वाटतो हे एक. दुसरं कागदांचं: मालकी निर्विवाद आणि आपल्याच नावावर हवी, इमारतीचं आयुष्य पुरेसं उरलेलं हवं. पेठेतल्या वाड्यात भाडेकरू असाल, घर वडिलोपार्जित आणि वाटणी न झालेलं असेल, किंवा सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर बँक हात लावत नाही. अशा वेळी मोठा फ्लॅट भाड्याने देऊन लहान घरात, शक्यतो लिफ्टच्या इमारतीत जाणं जास्त जमतं. रिडेव्हलपमेंट होणारच असेल तर मिळणारा कॉर्पस, म्हणजे बिल्डरने दिलेली एकरकमी रक्कम, गाडीत किंवा फर्निचरमध्ये घालवू नका, आणि नव्या घरात बाथरूमचं दार ३६ इंचांचं मागून घ्या. व्हीलचेअर आत जात नाही म्हणून धडधाकट मामा ठेवावे लागले, तर त्या दाराची किंमत दरमहा मोजावी लागते.

‘घर मुलाच्या नावावर करून टाकू, तो बघेल’

करू नका, निदान बिनशर्त तरी नाही. मृत्युपत्र करा, ते कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र केलं तर घर त्याच दिवशी गेलं. करायचंच असेल तर ‘मुलाने आमचा सांभाळ व देखभाल करावी या अटीवर’ असं त्यात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे ही अट मोडली तर हस्तांतरण रद्द करता येतं, आणि घराचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. अटच लिहिली नसेल तर लढाई फार अवघड होते.

पैसे आहेत, पण काढता येत नाहीत

हे संकट कुणाच्या लक्षातच येत नाही. आजोबांनी मुलीला आपल्या वतीने व्यवहार करायचं कुलमुखत्यारपत्र दिलंय, सगळे निश्चिंत. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंश वाढल्यावर, नेमकं गरजेच्या वेळी, ते निरुपयोगी. मग न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. त्यात महिने जातात आणि मावशींचा पगार दर आठवड्याला द्यायचा असतो.

म्हणून भान शाबूत असतानाच बचत खात्यात विश्वासाच्या माणसाचं नाव ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने जोडा. मुदत ठेवींना ही सोय पुरत नाही. दोघंही हयात असताना ठेव मुदतीआधी मोडायला दोघांच्याही सह्या लागतात. यावर उपाय म्हणजे एक मोठी ठेव ठेवण्याऐवजी दर तीन महिन्यांनी एक पिकेल अशा लहान ठेवी कराव्यात आणि पिकलेली रक्कम आपोआप त्या जोडखात्यात यावी. हात थरथरतो, सही जुळत नाही, पण भान आहे अशा माणसाचा अंगठा बँकेने दोन साक्षीदारांसमोर घेणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसतं. त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असतो. सत्तरीपुढच्यांसाठी घरपोच बँक सेवाही आहे. शाखेत अर्ज करून ती आधीच सुरू करून ठेवा.

मुळात पैसेच नसतील तर?

राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. अर्ज तहसील कार्यालयात. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी पुण्याच्या वारज्यातलं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य काम करतंय. तिथं रुग्णासोबतच्या नातेवाइकाला घरी कसं करायचं तेही शिकवतात.

मुलं कमावती असून पैसे देत नसतील तर त्याच २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागता येतो. मूलबाळ नसेल तर मालमत्ता ज्याला मिळणार आहे त्या नातेवाइकाकडूनही मागता येतो. वकील लागत नाही. अर्जात लिहा: स्वतःचं नाव-पत्ता, मुलांचे पत्ते, त्यांची अंदाजे कमाई, आपला महिन्याचा खर्च. वयाचा पुरावा आणि वर मांडला तसा खर्चाचा तक्ता जोडा, औषधांच्या पावत्यांसह. नोटीस दिल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, अपवाद म्हणून आणखी ३०. कायद्यातली कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपयांची आहे, म्हणजे दिवसपाळीच्या पगाराच्या निम्मीही नाही. ही मर्यादा वाढायलाच हवी. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, तो विनाशुल्क आहे.